मुडदे उठल्यास सोबतीला कोण

मुडदे उठून गावावर चालून आले, तर आपल्या वाचनालयातल्या कथा-कादंबऱ्यांमधली कोणती तीन माणसं तुम्ही सोबतीला घ्याल? हा प्रश्न जगात पहिल्यांदा पाचोऱ्यात विचारला गेला, एप्रिल १९८८ मध्ये, आणि तो मी विचारला. मुंबई-पुण्याच्या मंडळींना हे ठाऊक नसेल. त्यांना बऱ्याच गोष्टी ठाऊक नसतात, आम्ही त्याचं वाईट वाटून घेत नाही.

मी रुपचंद बोरसे. पोटासाठी पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क आणि जिवासाठी नवविकास सार्वजनिक वाचनालयाचा मानद चिटणीस. मानद म्हणजे कुलूप आपण उघडायचं, केर आपण काढायचा आणि कादंबरीचं शेवटचं पान कुणी फाडून नेलं तर बोलणीही आपणच खायची. आमचं वाचनालय सरकारदरबारी 'ड' वर्गात होतं. 'ड'च्या खाली वर्ग नाही. असता तर आम्ही त्यात असतो, असं आमचे अध्यक्ष म्हणत. पण पाचोऱ्यासारख्या जंक्शनच्या गावात, एप्रिलच्या उन्हात, जिथे डांबराला चपला चिकटतात, तिथे रोज संध्याकाळी सहाला उघडणारं दुसरं एक दार दाखवा. दारूच्या दुकानाचं सोडून.

तर त्या हनुमान जयंतीला आमच्या पाटबंधारे कॉलनीत संध्याकाळी व्हीसीआर आणायचं ठरलं. व्हीसीआर म्हणजे गफूरभाई. गफूरभाई मूळचे बुकबाइंडर. वाचनालयाची सगळी जखमी पुस्तकं त्यांच्याकडेच जात. पण पुस्तकांच्या शिलाईवर घर चालेना, म्हणून त्यांनी त्याच दुकानात व्हिडिओ कॅसेटींचं एक कपाट टाकलं. हात मात्र बाइंडरचाच. कॅसेटींचे भडक डबे त्यांना बघवेनात. त्यांनी झाडून सगळ्या कॅसेटींना आमच्या वाचनालयाच्या पुस्तकांसारखं तपकिरी कापडी कव्हर घातलं, कोपरे मारले आणि सुवाच्य अक्षरात लेबलं चिकटवली. फक्त लेबलं चिकटवायच्या दिवशी खळ ओली असताना पंखा चालू राहिला.

आमच्या कॅसेटीवर 'भक्तिपट' असं लिहिलेलं होतं. चाळीस माणसं सतरंजीवर बसली. पुढच्या रांगेत बायका, मागे पुरुष. पडद्यावर एक दफनभूमी आली. जमीन हलली, मातीतून एक हात वर आला. समाधी फोडून कुणी सत्पुरुष वर येत आहेत असं समजून पुढच्या रांगेने हात जोडले. सत्पुरुषांनी वर येऊन पहिल्यांदा पहारेकऱ्याचा दंड खाल्ला, तेव्हा थोडी शंका आली.

सिनेमा इंग्रजी होता. मेलेली माणसं उठतात, रेंगाळत चालतात आणि जिवंत माणसांना चावतात. ज्याला चावतात तोही तसाच होतो. एवढीच कथा. तरी कुणी उठलं नाही. भाडं भरलेलं होतं, शिवाय शेवटी तरी मारुती येईल अशी आशा होती. मारुती आला नाही. सगळा गाव मुडदा होऊन सिनेमा संपला.

दुसऱ्या दिवशी मी लेबल घेऊन गफूरभाईंकडे गेलो. ते म्हणाले, "रुपचंदभाऊ, कव्हर तर बराबर बसलं होतं ना? एक कोपरा तरी उचकला का?" कोपरा उचकलेला नव्हता, हे मला कबूल करावं लागलं.

पुढचे चार दिवस कॉलनीत दुसरा विषय नव्हता. नळावर, दळणाच्या रांगेत, माझ्या ऑफिसात सगळीकडे एकच: असले मुडदे पाचोऱ्यात आले तर करायचं काय. ओव्हरसियर म्हणाले, पाटाला पाणी सोडू. कुणी म्हणालं, रेल्वे फाटक बंद करू; एकदा बंद झालेलं फाटक पाऊण तास उघडत नाही, मुडदे कंटाळून परत जातील. मग एकजण म्हणाला, "अशा वेळी आपल्यासोबत एखादा सिनेमातला हिरो पाहिजे," आणि माझ्या डोक्यात वीज चमकली. सिनेमातला का? पुस्तकातला का नको?

आता इथे मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मी लेखक आहे. १९७५ साली मी 'काळदरीचा सेनापती' नावाची ऐतिहासिक कादंबरी लिहिली आणि जळगावच्या एका छापखान्यातून स्वतः छापून घेतली. तिचा नायक सरदार वज्रसेन. पहिल्या पानावर घोड्यावर बसतो तो शेवटच्या पानावर उतरतो. मधल्या काळात दोनशे सत्तावीस शत्रू मारतो. मी मोजून मारले आहेत. या कादंबरीची एक प्रत मी वाचनालयाला सप्रेम भेट दिली. वाचनालयातल्या पुस्तकाच्या मागे तारखेची चिठ्ठी असते, पुस्तक कधी कुणी नेलं त्याचे शिक्के तिच्यावर पडतात. माझ्या पुस्तकाच्या चिठ्ठीवर तेरा वर्षांत एक शिक्का होता. तो सभासद क्रमांक एकचा होता. सभासद क्रमांक एक मीच.

चिटणिसाने रोज संध्याकाळी लोकांच्या हातात दुसऱ्यांची पुस्तकं द्यायची आणि आपलं पुस्तक तिसऱ्या कपाटात कोरं करकरीत उभं असलेलं बघायचं, हे दुःख ज्याचं त्यालाच कळतं. तेव्हा स्पर्धेमागे माझा हेतू एकच होता. दोनशे सत्तावीस माणसं एकट्याने कापणारा माणूस पाचोऱ्याने मुडद्यांविरुद्ध नाही निवडायचा, तर कुणाला निवडायचं? निदान एका माणसाने, एका कागदावर वज्रसेनाचं नाव लिहिलेलं मला बघायचं होतं. बस्स, तेवढंच.

ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. आमच्या हिला, म्हणजे कुंदाला, तर मुळीच नाही. ती पापडाचं पीठ कुटत होती. मी स्पर्धेची कल्पना सांगितली तेव्हा हात न थांबवता एवढंच म्हणाली, "बायकांना भाग घेता येईल का?" मी म्हटलं, "येईल की. वाचलेलं असलं म्हणजे झालं."

आता सरकार. वर्ग वाढवून मिळण्यासाठी वर्षातून एक वाचक-उपक्रम करावा लागतो आणि त्याला जिल्ह्याच्या निरीक्षकांची पूर्वपरवानगी लागते. मी जळगावला जाऊन अर्ज दिला. निरीक्षकांनी तो दोनदा वाचला. मग मंजूर विषयांची यादी माझ्यापुढे सरकवली: साक्षरता, वृक्षारोपण, कुटुंबनियोजन, राष्ट्रीय एकात्मता, नागरी संरक्षण. म्हणाले, "यात मुडदे कुठे बसतात?"

कुटुंबनियोजनात बसत नव्हते हे उघड होतं. राष्ट्रीय एकात्मतेत बसले असते, मुडद्यांत जातपात नसते. पण निरीक्षक धजेनात. शेवटी नागरी संरक्षणाखाली मंजुरी मिळाली, 'काल्पनिक आपत्ती' असा शेरा मारून आणि प्रत्यक्ष समारंभाला ते स्वतः हजर राहतील या अटीवर.

मी वाचनालयाच्या फळ्यावर खडूने ठसठशीत लिहिलं, 'मुडदे उठल्यास सोबतीला कोण? तीन नावे व कारणे लिहून द्या. अंतिम तारीख आखाजीनंतरचा शनिवार.' आणि खाली, लोकांना कल्पना यावी म्हणून, अगदी निरपेक्ष बुद्धीने एक उदाहरण दिलं: 'उदा. सरदार वज्रसेन (काळदरीचा सेनापती, कपाट क्र. ३, वरचा खण).'

तिसऱ्या दिवशी नगरपालिकेतून पत्र आलं. फळ्याचा पहिला अर्धाच भाग वाचून लोक जन्ममृत्यूच्या खिडकीवर जायला लागले होते. एका गृहस्थांनी वडिलांच्या मृत्यूचा दाखला परत करून तो तात्पुरता रद्द होईल का अशी चौकशी केली. पत्रात लिहिलं होतं, 'मृत व्यक्ती उठल्यास मूळ नोंद खोडण्याची तरतूद नाही, सबब आपण जनतेत गैरसमज पसरवू नये.' मी फळ्यावर 'काल्पनिक' हा शब्द वाढवला. पत्र मात्र फाइलला लावून ठेवलं आहे. आमच्या वाचनालयाची दखल नगरपालिकेने लेखी घेतल्याचा तो एकमेव पुरावा आहे.

आणि मग सल्ले सुरू झाले. वाचनालयात कधी पाय न ठेवणारी माणसं मला रस्त्यात अडवून पात्रांची चिकित्सा करू लागली. रहस्यकथेतला डिटेक्टिव्ह नको, तो खुनी कोण ते शेवटच्या पानावर सांगतो, तोवर आपण राहणार का? सामाजिक कादंबरीतला ध्येयवादी मास्तर नको, तो मुडद्यांचंही मतपरिवर्तन करायला जाईल. प्रेमकथेतला नायक तर नकोच, तो अर्धं पुस्तक आजारी असतो. हे सगळं ऐकून माझी छाती भरून येत होती. 'ड' वर्गातल्या वाचनालयाचं गाव उभ्या रस्त्यात कादंबरीवर भांडत होतं.

फक्त वज्रसेनाचं नाव कुणी काढत नव्हतं. मी एकदा ओव्हरसियरना सहज म्हटलं, "घोड्यावरचा एखादा सरदार कसा वाटतो?" ते म्हणाले, "घोड्याला चारा कुठून आणणार, रुपचंदराव? या दिवसांत कडबा कुठे मिळतो?" मी विषय सोडला.

आमच्या मागच्या क्वार्टरमध्ये पाटकऱ्याची, म्हणजे पाटाचं पाणी सोडणाऱ्या माणसाची, आई राहायची, तानुबाई. सत्तरीची, अक्षरशत्रू, पण जीभ तल्लख. ती एकदा फळ्याबद्दल ऐकून मला म्हणाली, "भाऊ, मरेल माणसे उठीसन घर येतीन, त्यामा घाबरानं काय शे? आखाजीले येतसच ना बठ्ठा. घागर भरी, जेवाले वाढं, का निंघी जातस."

परक्या वाचकांसाठी सांगतो. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खानदेशात त्या दिवशी घरोघर मेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरतात, आमरस आणि खापरावरचे मांडे, म्हणजे मातीच्या उपड्या भांड्यावर भाजलेल्या मोठ्या पातळ पुरणपोळ्या, करतात, आणि गेलेले सगळे जेवायला येतात असं धरून त्यांचं पान वाढतात. दिवाळीपेक्षा मोठा सण. तानुबाईला मी समजावून सांगितलं, की हे मुडदे निराळे, हे चावतात. ती म्हणाली, "तुना सिनेमामा त्यासले कोन्ही जेवाले नही दिधं, म्हनीसन ते चावी राहिंतात."

अडाणी माणसाशी साहित्यावर वाद घालू नये, म्हणून मी हसून निघून आलो.

समारंभ आखाजीनंतरच्या रविवारी सकाळी, ऊन तापायच्या आत, वाचनालयाच्या हॉलमध्ये. परीक्षक म्हणून मी अभिमन नानांना बोलावलं होतं. नाना म्हणजे आमच्या हायस्कूलचे निवृत्त मुख्याध्यापक. गावातल्या तीन पिढ्यांच्या शुद्धलेखनाला त्यांनी लाल पेन्सिल लावलेली. १९७५ साली माझ्या कादंबरीच्या प्रकाशनालाही तेच होते, आणि भर सभेत म्हणाले होते, "कादंबरी चांगली आहे, पण शेवटी शेवटी चार पानं स्वयंपाकघरात घुसली आहेत. इतिहासात स्वयंपाकघराचं काय काम?"

ते म्हणणं मला तेरा वर्षं सलत होतं, कारण ते खरं होतं. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांनी छापतात. माझा शेवटचा फर्मा चार पानांनी कमी पडला. छापखान्याचा मालक म्हणाला, "पानं कोरी सोडू की साबणाची जाहिरात टाकू?" इतिहासाला साबण लावणं मला पटेना. मी तिथेच छापखान्याच्या बाकावर बसून दोन तासांत चार पानं लिहून दिली. वज्रसेन शेवटच्या लढाईला निघतो, त्याच्या आधी शत्रूची फौज एका खेड्यात शिरते आणि तिथे भिकुबाई नावाची एक मांडे करणारी बाई त्यांना जेवू घालते. फौज जेवून सुस्तावते, एवढंच. पोटात भूक लागलेली असताना लिहिलेलं प्रकरण. मी स्वतःसुद्धा पुन्हा वाचलं नव्हतं.

हॉल गच्च भरला होता. निरीक्षक पहिल्या खुर्चीवर, मांडीवर छापील तक्ता घेऊन. मागे भिंतीशी गफूरभाई. आणि आश्चर्य म्हणजे आमच्या कॉलनीतल्या झाडून सगळ्या बायका, तानुबाईसकट, डाव्या बाजूला दाटीवाटीने बसलेल्या. वाचनालयात एवढ्या बायका मी कधी पाहिल्या नव्हत्या. माझी मान ताठ झाली.

एकूण त्रेसष्ट प्रवेशिका. नाना एकेक उघडून वाचत होते आणि मी बाजूला उभा राहून नावं टिपत होतो. डिटेक्टिव्ह, नऊ. शिकारकथेतला शिकारी, सात. एका पौराणिक कथेतले शंभर वर्षं झोपणारे ऋषी, तीन. कारण, मुडदे त्यांना आपल्यातलेच समजतील. एकेचाळीस कागद संपले. वज्रसेन नाही. मी समोर बसलेल्या ओव्हरसियरना खालच्या आवाजात विचारलं, "तुम्हीसुद्धा नाही लिहिलं?"

ते म्हणाले, "त्याला कसं लिहिणार? तो तर तुम्ही उदाहरणात दिला होता. उदाहरण सोडवलेलं असतं, तेच उत्तर परत लिहिलं तर नाना शून्य देतात."

तीन पिढ्या नानांच्या हाताखाली शिकलेल्या. माझा वज्रसेन मीच फळ्यावर मारला होता. दोनशे अठ्ठाविसावा.

उरलेले बावीस कागद एका दोऱ्याने बांधलेले होते. नानांनी पहिला वाचला. "एकच नाव. भिकुबाई." दुसरा. भिकुबाई. तिसरा, चौथा. मग नाना थांबले, चष्मा पुसला आणि सगळे कागद टेबलावर पसरून बघितले. ते म्हणाले, "रुपचंद, इकडे ये. हे बावीस कागद एकाच हाताने लिहिलेले आहेत. आणि ही भिकुबाई तुझ्याच कादंबरीतली आहे, मला ती चार पानं चांगली आठवतात. हे अक्षर कुणाचं?"

अक्षर मी ओळखलं होतं. वाण्याच्या यादीवर, मुलांच्या डब्यात ठेवलेल्या चिठ्ठ्यांवर, वीस वर्षं तेच अक्षर पाहत आलो होतो. मी म्हणालो, "आमच्या घरातलं."

निरीक्षकांनी पेनचं टोपण काढलं. मागच्या रांगेत कुणीतरी खुसखुसलं. आयुष्यात मी कधी कचेरीतली टाचणी घरी नेली नाही, आणि आज सगळ्या गावापुढे चिटणिसाने बायकोकडून खोटी मतं भरून घेतली असं ठरत होतं. पण त्याहून एक गोष्ट जास्त लागली. मला वाटलं, हिला कळलं. ती एका शिक्क्याची चिठ्ठी, माझी तडफड, सगळं हिला कळलं होतं आणि तिने माझ्यावर दया केली होती. दया करताना निदान वज्रसेनावर तरी करायची. मी खाली मान घालून म्हणालो, "नाना, हे बावीस कागद बाद करा."

तेव्हा डावीकडून आवाज आला. "कसाले बाद?" तानुबाई गुडघ्यावर हात देऊन उठत होती. "मी सांगं, कुंदानी लिखं. माले लिखता येस नही, वाचता येस नही. पन माले भिकुबाई बठ्ठी येस."

नानांनी चाळीस वर्षं मास्तरकी केलेली. पाठांतराचा दावा त्यांच्यापुढे कुणी केला आणि त्यांनी तपासला नाही असं होत नाही. त्यांनी तिसऱ्या कपाटातून माझं पुस्तक आणायला लावलं, पान एकशे पंचाण्णव उघडलं, त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "म्हणा."

तानुबाईने डोळे मिटले. आणि मग तिच्या तोंडून तिची अहिराणी गेली आणि माझी छापील भाषा आली, जराशी खानदेशी हेल काढून, पण एक शब्द न चुकता. "भिकुबाई उंबऱ्यावर उभी राहिली आणि म्हणाली, थांबा. तलवारी बाहेर ठेवा. या घरात खापराहून तापलेलं दुसरं काही आत येत नाही. सेनापती गरजला, बाई, आम्ही कोण आहोत हे तुला ठाऊक आहे का?"

नानांनी बोट दुसऱ्याच बाईकडे केलं. "पुढे?"

ती फिटरची बायको होती. तिने पदर सावरून म्हटलं, "उपाशी आहात एवढं दिसतं. बाकीचं जेवल्यावर सांगा."

नाना बोट फिरवत गेले आणि पुढचं वाक्य येत गेलं. शिपायाची सून, ओव्हरसियरांची मंडळी, आमच्याकडे धुणं करणारी बेबाबाई. कुणी अडखळली तर शेजारची ओठ हलवायची. त्या चार पानांच्या शेवटी भिकुबाई पुरण भरलेला मांडा दोन्ही हातांवर फिरवते, ते वाक्य सगळ्या मिळून म्हणाल्या, आणि म्हणता म्हणता त्यांचे हात आपोआप तसे फिरले. मी टेबलाचा कोपरा धरून उभा होतो. मला रडू आलं. चारचौघांत आलं, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

"पण हे पुस्तक तर कुणी नेलेलंच दिसत नाही," निरीक्षक चिठ्ठी बघून म्हणाले.

मागून गफूरभाई पुढे आले. "साहेब, ही कापी नाही. वहिनींकडे घरची कापी आहे. मी तीनदा पुरी नव्याने शिवली. उन्हाळ्यात दुपारी पापड लाटताना वहिनी वाचतात आणि बाकीच्या लाटतात. दर वर्षी शेवटचा फर्मा सुटतो, मी दर वर्षी टाका घालतो. एवढी फाटलेली किताब पाचोऱ्यात दुसरी नाही. मी बाइंडर आहे, मला कळतं."

दर वर्षी दुपारी मी कचेरीत कुणाच्या तरी पाटपाण्याच्या अर्जावर शेरे मारत असायचो, त्या वेळी माझ्या घरात हे चाललं होतं.

नानांनी पुस्तक मिटलं. लाल पेन्सिल काढली, बावीसही कागदांवर एकेक बरोबरची खूण केली आणि उभे राहिले. "पहिला क्रमांक भिकुबाई. कारण या बायकांनी लिहिलं आहे: लढणारे पुष्कळ मिळतील, पण आलेला भुकेला आहे हे ओळखणारी एकच आहे. रुपचंद, तेरा वर्षांपूर्वी मी म्हणालो होतो की तुझ्या कादंबरीत चार पानं जास्त आहेत. ती माझी चूक होती. दोनशे चार जास्त आहेत."

सगळा हॉल हसला. मीही हसलो. अपमान आणि सन्मान एकाच वाक्यात, एकाच माणसाकडून मिळणं फार थोड्या लेखकांच्या वाट्याला येतं.

निरीक्षकांची मात्र पंचाईत झाली. त्यांच्या तक्त्यात 'उपक्रमात सहभागी वाचक' असा रकाना होता आणि त्यात साक्षर लिहायचे की नवसाक्षर, एवढीच सोय होती. त्यांनी बराच विचार करून समासात लिहिलं, 'निरक्षर वाचक'. त्यावर 'निरक्षर वाचक म्हणजे काय, ते स्पष्ट करावे' असं पत्र वरून आलं. आम्ही स्पष्ट केलं. पुन्हा पत्र आलं. दोन वर्षं पत्रव्यवहार चालला आणि शेवटी, बहुधा कंटाळून, त्यांनी आम्हाला 'क' वर्ग दिला.

त्या दुपारी घरी जेवताना मी कुंदाला विचारलं, "तू मला कधी सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही कधी विचारलंत? तुम्ही नेहमी वज्रसेन कसा वाटला, एवढंच विचारायचात."

"मग सांग आता. कसा वाटला?"

तिने माझ्या पानात आणखी एक मांडा वाढला. "ती पानं आम्ही सोडून देतो," ती म्हणाली. "पण भिकुबाई लिहिणारा माणूस कोण, असं कुणी विचारलं, की मी सांगते आमचेच म्हणून." आणि वाटीत तूप सोडताना तिची मान माझ्यापेक्षाही ताठ होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला मी कुलूप काढलं, तर पायरीवर तानुबाई बसलेली. तिला सभासद व्हायचं होतं. मी फॉर्म भरला, तिने अंगठा उठवला. मग तिने 'भिकुबाईनं पुस्तक' मागितलं. मी म्हणालो, "अक्का, तुम्हाला तर पाठ आहे. आणि वाचता येत नाही. काय करणार नेऊन?"

"वाचानं नही शे माले," ती म्हणाली. "घरमा ऱ्हाऊ दे."

मी पुस्तक काढलं, मागची चिठ्ठी उघडली, शिक्का शाईत बुडवला आणि माझ्या क्रमांक एकच्या खाली ठळक उमटवला. तारीख २५ एप्रिल १९८८ होती.

पुस्तक सात दिवसांत परत करायचं, असा आमचा नियम आहे. आठव्या दिवशी मी भल्याभल्यांना स्मरणपत्र पाठवतो. खुद्द अध्यक्षांना पाठवलेलं आहे. तानुबाईकडून ते पुस्तक अजून आलेलं नाही. मी अजून पत्र पाठवलेलं नाही.